फायनाइट डिफरन्सने उष्णतेचे समीकरण सोडवताना: आधी कागद, मग कोड

फायनाइट डिफरन्स पद्धतीचे, म्हणजे अवकलजाच्या (डेरिव्हेटिव्हच्या) जागी शेजारच्या बिंदूंमधला फरक ठेवून समीकरण सोडवण्याच्या रीतीचे, सूत्र अर्ध्या तासात फळ्यावर मांडून होते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. कोड चालतो, पण आलेखाला करवतीसारखे दाते येतात आणि थोड्या वेळात आकडे कोटींच्या घरात जातात. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. दुसरी चूक जास्त घातक असते: आलेख गुळगुळीत येतो, अहवालात छापला जातो आणि उत्तर मात्र चुकलेले असते. दोन्ही चुकांचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. काम सुरू करण्याचा क्रम उलटा झालेला असतो. कोड आधी लिहिला जातो आणि प्रश्न नंतर समजून घेतला जातो.

म्हणून इथे एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेतो: उन्हाळ्यात तापणारा १५ सेंटिमीटर जाडीचा आरसीसी स्लॅब. वरचा पृष्ठभाग उन्हात आणि खालचा खोलीकडे. स्लॅबच्या आत कुठे, किती वाजता, किती तापमान असेल?

## टप्पा १: प्रश्न कागदावर पूर्ण लिहा

समीकरण शब्दांत असे: एखाद्या जागी तापमान बदलण्याचा दर = अ × (तापमानाचा अंतरानुसार दुसरा अवकलज). यात ‘अ’ म्हणजे काँक्रीटची उष्णता-विसरणशीलता (उष्णता आत किती वेगाने पसरते त्याचे माप), अर्थात वाहकता ÷ (घनता × विशिष्ट उष्मा). वाहकता १.६ वॅट प्रति मीटर-केल्विन, घनता २४०० किलो प्रति घनमीटर आणि विशिष्ट उष्मा ८९० जूल प्रति किलो-केल्विन धरला, तर अ सुमारे ७.५ × १०⁻⁷ चौरस मीटर प्रति सेकंद येतो.

समीकरण लिहिले म्हणजे निम्माच प्रश्न लिहिला. उरलेला निम्मा अटींमध्ये असतो:

- सुरुवातीची अट: सकाळी ८ वाजता सगळा स्लॅब ३० अंश सेल्सिअसवर.
- वरची सीमा: तापमान = ४५ + १५ × साइन(२ × पाय × सेकंद ÷ ८६४००). म्हणजे दुपारी २ वाजता ६० अंश, रात्री २ वाजता ३० अंश.
- खालची सीमा: खोली ३० अंशांवर आणि छताकडून हवेत उष्णता जाण्याचा गुणांक ८ वॅट प्रति चौरस मीटर-केल्विन.

दोन्ही टोकांना प्रत्येकी एक अट हवीच. एका टोकाची अट ठरवायची राहिली, तरी कोड तक्रार करत नाही. ॲरेच्या (कोडमधल्या आकड्यांच्या रांगेच्या) शेवटच्या घरात जे शून्य पडलेले असते तेच तो अट समजतो आणि तुमच्या छताखाली बर्फ ठेवल्यासारखे उत्तर देतो.

इशारा: एकके. ‘अ’ मीटर आणि सेकंदात घेतला, तर जाडी ०.१५ लिहायची, १५ नाही. वेळ तासांत नको. सेंटिमीटर आणि मीटर यांची सरमिसळ झाली की वर्गामुळे चूक थेट दहा हजार पटीची होते.

## टप्पा २: उत्तराचा अंदाज आधीच बांधा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. तिला दोन मिनिटे पुरतात.

जाडीचा वर्ग ÷ अ = ०.०२२५ ÷ ०.०००००७५ नव्हे, ०.०२२५ ÷ ०.००००००७५ = ३०,००० सेकंद, म्हणजे ८ तास २० मिनिटे. (शून्ये मोजताना हात असा घसरतो, म्हणून दहाचा घात लिहूनच भागाकार करा.) उष्णतेला स्लॅब ओलांडायला मिनिटे नाही, तास लागतात. संध्याकाळी ऊन उतरल्यावरही छत का तापलेले राहते, ते याच आकड्यात आहे.

आणखी एक अंदाज: स्लॅब अमर्याद जाड असता, तर २४ तासांची तापमान-लाट १५ सेंटिमीटर खोलीवर सुमारे ४ तास उशिरा पोहोचली असती आणि तिची उंची पृष्ठभागावरच्या उंचीच्या साधारण ३५ टक्के राहिली असती. आपला स्लॅब अमर्याद जाड नाही, त्यामुळे आकडा हुबेहूब जुळणार नाही. पण कोडने छताखालचे कमाल तापमान दुपारी सव्वादोनला दाखवले, तर चूक कोडमध्ये शोधायची हे आत्ताच ठरले.

## टप्पा ३: जाळी आखा आणि नोड मोजा

अंतराची पायरी ‘ह’ = ०.०१ मीटर घेऊ. भाग १५ झाले. नोड, म्हणजे जिथे तापमान काढायचे ते बिंदू, १६ झाले, ० ते १५. कुंपणाच्या गाळ्यांपेक्षा खांब एकाने जास्त असतात, तसेच.

नोड आणि भाग यांची गल्लत किरकोळ वाटते, पण ती फार सापडते. ‘जाडी ÷ १६’ अशी पायरी घेतली की स्लॅब नकळत पातळ होतो. उत्तर थोडेसेच हलते आणि म्हणूनच लक्षात येत नाही.

तपासणी: शून्याव्या नोडचे अंतर ० आणि शेवटच्या नोडचे अंतर बरोबर ०.१५ आहे का, ते छापून पाहा. नजरेने मान्य करू नका.

## टप्पा ४: वेळेची पायरी ठरवा, निवडू नका

दुसऱ्या अवकलजाच्या जागी (डावा − २ × स्वतः + उजवा) ÷ ह² आणि वेळेच्या अवकलजाच्या जागी (नवा − जुना) ÷ क लिहिले, की साधे थेट सूत्र मिळते. ‘क’ ही वेळेची पायरी.

नवा = र × डावा + (१ − २र) × स्वतः + र × उजवा

इथे र = अ × क ÷ ह². सगळा खेळ या ‘र’चा आहे.

मधला गुणक (१ − २र) पाहा. र अर्ध्यापेक्षा मोठा झाला की तो ऋण होतो. म्हणजे एखादा नोड आत्ता जितका गरम, तितका तो पुढच्या क्षणी जास्त थंड! निसर्गात असे होत नाही. करवतीचे दाते इथूनच येतात. म्हणून र ≤ ०.५ ही अट. आपल्या जाळीसाठी क जास्तीत जास्त ६६.७ सेकंद चालेल. आपण ६० घेऊ, र = ०.४५. दिवसाच्या पायऱ्या बरोबर १४४० होतात, हा जास्तीचा फायदा.

खालच्या सीमेसाठी मर्यादा थोडी आणखी कडक होते, ती पुढच्या टप्प्यात येईल.

इशारा: ‘पहिल्या पन्नास पायऱ्या तर ठीक दिसल्या.’ क = ८० सेकंद घेतले तर र = ०.६ होतो. दोन्ही टोकांचे तापमान ठरलेले असेल, तर या जाळीत चुकीची सगळ्यात खोडकर लहर (एका नोडला वर, शेजारच्याला खाली अशी) दर पायरीला सुमारे १.३७ पट वाढते. सुरुवात गुळगुळीत असेल, तर ती लहर संगणकाच्या राउंडिंगच्या चुकीतून, म्हणजे दशांशचिन्हानंतरच्या सोळाव्या घरातून जन्मते. शंभर पायऱ्यांपर्यंत ती आलेखावर दिसतही नाही. एकशेवीस पायऱ्यांच्या आसपास ती काही अंशांची होते आणि मग दहा-पंधरा पायऱ्यांत सगळे उधळते. थोडा वेळ चालवून ‘स्थिर आहे’ म्हणू नका. र मोजा.

दुसरा इशारा: जाळी बारीक करताना फक्त ह अर्धा केला आणि क तसाच ६० ठेवला, तर र चौपट होऊन १.८ होतो. ह अर्धा, तर क चतुर्थांश: १५ सेकंद. नोड दुप्पट, पायऱ्या चौपट, काम आठपट. हा हिशेब आधी करा, म्हणजे रात्रभर संगणक चालवायची वेळ येणार नाही.

आणि ‘मध्यवर्ती फरक जास्त अचूक असतो’ हे ऐकून वेळेच्या अवकलजालाही (पुढचा − मागचा) ÷ २क लावू नका. उष्णतेच्या समीकरणासाठी थेट पद्धतीत ती मांडणी कितीही लहान पायरी घेतली तरी अस्थिरच असते.

## टप्पा ५: सीमा नीट बसवा

माझ्या मते संपूर्ण कामात सर्वांत जास्त वेळ इथे द्यायला हवा. आतल्या नोडचे सूत्र कुणीही बरोबर लिहितो. उत्तराची अचूकता सीमेवर जाते.

वरची सीमा सोपी: शून्याव्या नोडला दर पायरीला दिलेले तापमान द्यायचे. फक्त वेळ कोणती, ते पाहा. नव्या पायरीवरचे मूल्य नव्या वेळेचे असावे. वेळ मोजताना दर फेरीला ६० मिळवत जाण्यापेक्षा पायरीचा क्रमांक × ६० असे लिहा. पायरी ०.१ सारखी असेल, तर बेरीज करत गेल्याने घड्याळ हळूहळू सरकते.

खालच्या सीमेवर तापमान माहीत नाही, उष्णतेचा प्रवाह माहीत आहे. इथे अनेकजण शेवटच्या दोन नोडचा साधा फरक घेतात. त्याने सूत्र बनते, पण त्याची चूक ह च्या प्रमाणात असते, आतल्या सूत्राची ह² च्या. एका टोकाचा ढिसाळपणा सगळ्या स्लॅबभर पसरतो.

योग्य रीत अशी: स्लॅबच्या बाहेर एक काल्पनिक नोड, क्रमांक १६, धरा. प्रवाहाची अट नोड १४ आणि १६ यांच्या मध्यवर्ती फरकाने लिहा. नोड १५ ला आतलेच सूत्र लावा आणि काल्पनिक नोड दोन्ही समीकरणांतून काढून टाका. हाती येते ते असे:

नवा(१५) = जुना(१५) + २र × [जुना(१४) − जुना(१५) − ब × (जुना(१५) − खोली)]

यात ब = पृष्ठ-गुणांक × ह ÷ वाहकता = ८ × ०.०१ ÷ १.६ = ०.०५. सीमेवर उष्णता अजिबात जात नसेल, तर ब = ०.

आता नोड १५ चा स्वतःचा गुणक १ − २र(१ + ब) झाला. तो ऋण होऊ नये म्हणून र ≤ ०.४७६. आपला ०.४५ त्यात बसतो. पण कुणी आतली मर्यादा पाहून र = ०.४९ घेतला असता, तर ही खात्री गेली असती. पृष्ठ-गुणांक मोठा असेल, उदाहरणार्थ पृष्ठभागावरून पाणी वाहत असेल, तर ब मोठा होतो आणि हीच मर्यादा सगळे ठरवते.

तपासणी: दोन्ही टोके बंद करा, म्हणजे दोन्हीकडे ब = ० चे सूत्र लावा. आत वाटेल तसे तापमान भरा आणि कोड चालवा. सर्व नोडच्या तापमानांची बेरीज करा, टोकाचे दोन नोड निम्म्या वजनाने घ्या. ही बेरीज दहाव्या-बाराव्या दशांशापर्यंत बदलता कामा नये. बदलली तर उष्णता कुठेतरी गळते आहे, आणि ते ठिकाण नव्याण्णव वेळा सीमेचे सूत्र असते.

## टप्पा ६: दोन पायऱ्या हाताने करा

आता कोड लिहा, पण लगेच दिवसभराचा हिशेब चालवू नका. सोपी स्थिती घ्या: सगळा स्लॅब ३० अंश, वरचा नोड अचानक ६० वर आणि तिथेच. र = ०.४५.

पहिली पायरी: नोड १ = ०.४५ × ६० + ०.१ × ३० + ०.४५ × ३० = ४३.५. नोड २ आणि पुढचे सगळे ३०.

दुसरी पायरी: नोड १ = ४४.८५, नोड २ = ३६.०७५, नोड ३ आणि पुढचे ३०.

थेट पद्धतीत बदल एका पायरीत एकच नोड पुढे जातो. तुमच्या कोडने पहिल्याच पायरीत नोड २ ला ३६.०७५ दाखवले, तर तुम्ही जुन्या ॲरेवरच नवी मूल्ये लिहीत आहात. डावा शेजारी आधीच बदलला आहे आणि उजवा जुनाच आहे. नव्या-जुन्या मूल्यांसाठी दोन वेगळे ॲरे ठेवा.

पायथॉन वापरणाऱ्यांनी इथे खास जपावे. ‘नवा = जुना’ असे लिहिल्याने प्रत बनत नाही, एकाच ॲरेला दुसरे नाव मिळते. कॉपी स्पष्टपणे मागावी लागते. सी किंवा फोरट्रानमध्ये वेगळा सापळा आहे: १ ÷ २ पूर्णांकांत लिहिले तर उत्तर शून्य येते, आणि गुणकच नाहीसा होतो.

## टप्पा ७: ज्याचे उत्तर माहीत आहे असा प्रश्न सोडवा

स्लॅबचा खरा प्रश्न अजूनही बाजूलाच ठेवा. दोन्ही टोके ० अंशांवर धरा आणि सुरुवातीचे तापमान साइन(पाय × अंतर ÷ जाडी) या आकाराचे. याचे नेमके उत्तर माहीत आहे: आकार तोच राहतो, उंची घातांकी वेगाने कमी होते. आपल्या आकड्यांनी एका तासानंतर उंची मूळच्या ०.३०५९ पट उरायला हवी.

१६ नोड, क = ६०: कोड ०.३०३७ देतो. चूक ०.००२२७.
३१ नोड, क = १५: कोड ०.३०५४ देतो. चूक ०.०००५६.

ह अर्धा केला आणि चूक चौथाई झाली. कोड बरोबर असल्याचा हाच पुरावा आहे. ‘आलेख छान दिसतो’ हा पुरावा नाही. चूक चौथाई न होता निम्मीच झाली, तर बहुधा सीमेचे सूत्र कच्चे आहे. अजिबात कमी झाली नाही, तर सूत्रातच किंवा नोडच्या मोजणीत गडबड आहे.

एक गंमत माहीत असू द्या. र बरोबर १ ÷ ६ घेतला, तर या समीकरणात जागेची आणि वेळेची मुख्य चूक एकमेकींना खोडतात आणि जाळी अर्धी केल्यावर चूक सोळाव्या हिश्श्यावर येते. ते पाहून हुरळू नका आणि घाबरूही नका. तपासणीसाठी दुसरा र घ्या.

## टप्पा ८: मोठी पायरी हवी असेल तरच अप्रत्यक्ष पद्धत

वर्षभराचा हिशेब हवा असेल, तर ६० सेकंदांची पायरी जाचक होते. तेव्हा दुसरा अवकलज जुन्याऐवजी नव्या मूल्यांवर लिहायचा, म्हणजे बॅकवर्ड ऑयलर:

(१ + २र) × नवा(ज) − र × [नवा(ज−१) + नवा(ज+१)] = जुना(ज)

इथे ‘ज’ म्हणजे नोडचा क्रमांक. आता सगळे नोड एकत्र सोडवावे लागतात, पण प्रत्येक ओळीत तीनच अज्ञात असतात. त्यासाठी थॉमस पद्धत: पुढे जाताना प आणि फ हे दोन साहाय्यक आकडे काढायचे, मग मागे येत उत्तर. मॅट्रिक्सचा व्यस्त काढू नका. त्यात वेळ आणि मेमरी दोन्ही वाया जातात.

१. पहिल्या ओळीसाठी प(१) = र ÷ (१ + २र) आणि फ(१) = (जुना(१) + र × वरची नवी सीमा) ÷ (१ + २र).

२. पुढे १४ व्या नोडपर्यंत: भाजक = (१ + २र) − र × प(ज−१), मग प(ज) = र ÷ भाजक, फ(ज) = (जुना(ज) + र × फ(ज−१)) ÷ भाजक.

३. शेवटचा नोड: नवा(१५) = (जुना(१५) + २र × ब × खोली + २र × फ(१४)) ÷ (१ + २र(१ + ब) − २र × प(१४)).

४. उलटे मागे या: नवा(ज) = फ(ज) + प(ज) × नवा(ज+१).

तपासणी: मिळालेली मूल्ये मूळ समीकरणांत परत घाला. डावी बाजू वजा उजवी बाजू शून्याच्या अगदी जवळ हवी. क्रमांकांची गडबड इथेच पकडली जाते.

ही पद्धत कुठल्याही र ला स्थिर असते. आणि इथेच लोक फसतात. स्थिर म्हणजे अचूक नव्हे. मागचीच साइनची चाचणी १६ नोड आणि १० मिनिटांच्या पायरीने (र = ४.५) केली, तर बॅकवर्ड ऑयलर ०.३४०५ देतो. खरे उत्तर ०.३०५९. आलेख मात्र लोण्यासारखा मऊ.

क्रँक-निकोल्सन पद्धत जुन्या आणि नव्या मूल्यांची सरासरी घेते. तिच्या १० मिनिटांच्या सहा पायऱ्यांनी ०.३०६१ येते. यात थोडा योगायोगही आहे: या जाळीवर जागेची चूक उत्तर वर ढकलते, वेळेची खाली, आणि दोन्ही जवळजवळ सारख्याच निघाल्या. तरीही वेळेची चूक क² च्या प्रमाणात असणे हा तिचा खरा फायदा आहेच.

तिचा दोष वेगळा आहे. तापमानात अचानक उडी असेल (टप्पा ६ मधली ३० वरून ६० ची), तर सर्वांत बारीक लहर दर पायरीला चिन्ह बदलते आणि र = ४.५ असताना फक्त ०.८ पट होते. उडीजवळ तापमान बराच वेळ वर-खाली डोलत राहते. उपाय: पहिल्या दोन-चार पायऱ्या बॅकवर्ड ऑयलरने, त्याही लहान घ्या. ती तीच लहर एका पायरीत विसाव्या हिश्श्यापेक्षा थोडी जास्त इतकीच उरू देते. मग क्रँक-निकोल्सनकडे वळा.

## टप्पा ९: आता खरा स्लॅब

वरची दिवस-रात्रीची सीमा आणि खालची खोलीची सीमा लावून कोड चालवा. पहिल्या दिवसाचे आकडे वापरू नका. ‘सकाळी सगळा स्लॅब ३० अंश’ ही आपण सोयीसाठी केलेली कल्पना होती, आणि तिचा ठसा पहिल्या काही तासांवर असतो. तीन दिवस चालवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाचे एकाच वेळेचे तापमान ०.०१ अंशाच्या आत जुळले, की तिसरा दिवस घ्या. मग जाळी अर्धी करून तोच दिवस पुन्हा काढा आणि दोन्हींतला फरक उत्तरासोबत लिहा.

स्लॅबवर थर्मोकोलचा थर टाकून पाहायचा असेल, तर दोन पदार्थांच्या मधल्या वाहकतेची साधी सरासरी घेऊ नका. काँक्रीट १.६ आणि थर्मोकोल ०.०३५ यांची साधी सरासरी सुमारे ०.८२ येते, म्हणजे थर जवळजवळ नसल्यासारखा. जोड दोन नोडच्या बरोबर मध्ये असेल, तर हरात्मक सरासरी घ्या: २ × १.६ × ०.०३५ ÷ १.६३५, सुमारे ०.०६९. दोन्ही आकड्यांत बारा पटींचा फरक आहे. थर पातळ असेल, तर त्याच्या आत निदान चार-पाच नोड बसतील इतकी जाळी बारीक करा. वेळेची मर्यादाही पुन्हा काढा. ‘अ’ ज्या पदार्थाचा मोठा आणि ह जिथे लहान, तिथला र सगळ्या स्लॅबची पायरी ठरवतो.